तेलघाण्यातलं गाणं

आधीच सांगते, ही रचलेली गोष्ट नाही.

यात मी डोळ्यांनी फारसं काही पाहिलेलं नाही. जे घडलं ते मी कानांनी ऐकलं. आणि कानांवर कुणी विश्वास ठेवत नाही, म्हणून दोन वर्षं गप्प होते.

तारीख सोळा सप्टेंबर. वार गुरुवार. वेळ दुपारी पावणेतीनची.

हो, दुपार. रात्र नाही, वादळ नाही, वीज गेलेली नाही. अंगणातल्या फरशीवर अनवाणी पाय ठेवला तर चटका बसेल असं ऊन होतं.

पण आमच्याकडे भीतीची वेळ हीच. जेवणं उरकली की चारपर्यंत बाहेर चिटपाखरू दिसत नाही. खिडक्या बंद, दारं बंद, कुत्री सावलीला. या वेळेला आम्ही कोंत्रोरा म्हणतो. लहानपणी आई दटावायची, "कोसिमा, कोंत्रोराला हिंडू नकोस. ज्यांचं काही राहून गेलंय, ते या वेळी हिंडतात." मी तिला हसायचे.

आता हसत नाही.

आमचं घर मांदुरिया गावाहून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. मासेरिया पेत्रारा. मासेरिया म्हणजे शेतातला जुना दगडी वाडा. घरात आम्ही तिघं. मी, माझा नवरा ओरोंझो आणि माझे सासरे, पापा वितो. पापा तेव्हा एक्याऐंशीचे होते. बोलायचे कमी आणि खोकायचे जास्त.

आमची ऑलिव्हची चारशे झाडं होती. रोग आला आणि सहा वर्षांत सगळी वाळली. तेल गेलं, द्राक्षमळा तेवढा राहिला. मग चार खोल्यांना रंग दिला आणि आम्ही पाहुणे ठेवायला लागलो.

या पाहुण्यांची एक गंमत असते. स्वतः मिलानमध्ये लिफ्टने नवव्या मजल्यावर जाणार, आणि इथे येऊन विचारणार, "तुमच्याकडे जुन्या पद्धतीची वाइन नाही का हो?" असं चारजणांनी विचारलं आणि ओरोंझोच्या डोक्यात किडा वळवळला.

"घाणा उघडू या," तो म्हणाला.

पापांच्या हातातला चमचा सुपाच्या ताटलीत पडला.

घाणा म्हणजे अंगणाखालचं भुयार. कातळात खोदलेलं. पणजोबांच्या काळी तिथे तेल काढायचे, पुढे त्यात वाइनचे दगडी हौद झाले. खाली उतरायला बावीस पायऱ्या, मध्ये एक वळण. वर एक लाकडी दार आणि छताला दोन झरोके. आत एवढा गारवा, की वाइन आंबवायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

तो पन्नास वर्षं बंद होता, कारण पापांचा थोरला भाऊ पांतालेओ तिथे गेला होता.

'गेला' म्हणजे वारला.

द्राक्षं आंबायला लागली की त्यातून वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असतो. तळाशी बसतो आणि दिसत मात्र नाही. माणूस उतरतो, दोन पायऱ्या, चार पायऱ्या... आणि गुडघ्यांतून वाकतो. त्याला वर काढायला दुसरा उतरतो, तोही तिथेच पडतो. आमच्या भागात एका हौदापायी तीन-तीन माणसं गेलेली आहेत.

म्हणून आमच्या घरात जुना नियम आहे. खाली जाणाऱ्याने गायचं. वर दारात एकाने उभं राहायचं आणि ऐकायचं.

गाणं ऐकू येतंय, म्हणजे माणूस ठीक आहे.

गाणं थांबलं तर खाली उतरायचं नाही. पोटचं पोर असलं तरी नाही. आधी झरोके उघडायचे, हवा खेळवायची, काठीला मेणबत्ती बांधून खाली सोडायची. ती विझली नाही तरच पाय टाकायचा.

पापा नेहमी हेच सांगत आले होते. "पांतालेओचं गाणं थांबलं. मी दारात होतो. नियम पाळला. उतरलो नाही, म्हणून आज जिवंत आहे." यापुढे ते एक शब्दही बोलायचे नाहीत. आम्हीही विचारायचो नाही.

ओरोंझोने एक मोठा विजेचा पंखा आणून झरोक्यावर बसवला. बटण दाराच्या बाजूलाच. "आता काळ बदललाय पापा," तो म्हणाला. पापा म्हणाले, "काळ बदललाय, हौद तेच आहेत." पण शेवटी मानले.

आता त्या गुरुवारचं सांगते. खाली हौदांत द्राक्षं आंबत होती.

खोल्यांमध्ये एकच पाहुणी होती. सिन्योरा पेसेंती. बेर्गामोची, निवृत्त शाळाबाई, दर सप्टेंबरला येणारी. तिचे यजमान सकाळीच समुद्रावर पोहायला गेले होते. जेवल्यावर ती माझ्याकडे आली.

"कोसिमा, वाईट वाटून घेऊ नका हं. पण तो पंखा डोक्यात घुमतो हो. दुपारी डोळा लागत नाही."

पाहुणा म्हणजे राजा. मी दोन वाजता पंखा बंद केला.

मी केला. माझ्या हाताने.

पावणेतीनला ओरोंझो डोळे चोळत उठला. आंबताना द्राक्षांच्या साली वर येऊन हौदावर जाड थर धरतात, तो दिवसातून तीनदा काठीने खाली दाबावा लागतो. एक फेरी राहिली होती.

"चल, दारात उभी राहा."

"पंखा बंद आहे. थांब, लावते."

"राहू दे गं. म्हातारी झोपलीय. दहा मिनिटांचं तर काम."

"ओरोंझो, दहा मिनिटं तरी कशाला..."

"झरोके उघडे आहेत ना? आणि ती पुढच्या वर्षीचीही खोली आत्ताच धरणार आहे. झोपू दे तिला."

"बरं. पण हळू गा. उठेल ती."

"माझं गाणं ऐकून? ती काय, पांतालेओकाकाही उठून बसेल."

असली थट्टा नको म्हणून मी त्याच्या दंडावर चापट मारली. खरं म्हणजे माझ्या नवऱ्याचा गळा भयंकर होता. लग्नात गायला तेव्हा माझ्या मावशीने कानात बोळे घातले होते. त्याला द्राक्षतोडणीचं एकच गाणं यायचं. गाडीवाल्याचं. त्याची कडवी दोन, तीच तो फिरून फिरून म्हणायचा आणि दोन्ही बेसूर.

तो मेणबत्ती घेऊन उतरला. वळणाआड गेला.

गाणं सुरू झालं.

बेसूर. मी गालातल्या गालात हसले.

खाली काठीचा आवाज येत होता. डुब... डुब... डुब. थर दाबला जात होता. पहिलं कडवं झालं. दुसरं सुरू झालं. मी दाराच्या चौकटीला टेकले. झाडांवरचे किडे किरकिरत होते. त्यांच्या किरकिरीतून मला कान देऊन ऐकावं लागत होतं, कारण 'हळू गा' मीच सांगितलं होतं.

मग किरकिर थांबली.

एकदम. सगळी.

मला बरं वाटलं. आता गाणं नीट ऐकू येत होतं. फार नीट.

गाणं सुरात होतं.

मी सरळ उभी राहिले. हाच आवाज, माझ्याच नवऱ्याचा. बावीस वर्षं ऐकतेय, चुकणार नाही. पण सूर एकही चुकत नव्हता. शेवटच्या ओळीला तो नेहमी घसरायचा, तिथेही नाही. आवाज वर गेला, वरच राहिला, मग हळूच उतरला. मला वाटलं, हा कधीपासून असा गायला लागला?

आणि काठीचा आवाज... नव्हता.

डुब डुब कधी थांबलं ते कळलंच नाही.

"ओरोंझो?" मी हाक मारली.

गाणं चालू.

"अरे, झालं का दाबून?"

गाणं चालूच. म्हणजे माणूस ठीक आहे. नियम तसाच आहे ना?

गावातल्या चर्चमध्ये तीनचे ठोके पडले. गाणं मात्र वरवर येत होतं. पायऱ्यांवरून माणूस चढावा तसं. वळणापर्यंत आलं. मी वाकून पाहिलं. वळणावर कुणी नव्हतं.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं.

पहिल्या कडव्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून परत पहिल्यात... कुठेच थांबा नव्हता. गाणारा मध्ये श्वास घेतो. कितीही मोठा गवई असो, घेतोच. ओळ संपते, छाती भरते, मग पुढची ओळ येते.

हा श्वास घेत नव्हता.

जो गातोय त्याला हवा लागत नाही...

"काय ऐकताय हो?"

मी किंचाळले. मागे सिन्योरा पेसेंती उभी होती. झोपेतून उठलेली, पायात सपाता.

"गाणं," मी कसंबसं म्हणाले. "ओरोंझो गातोय."

तिने कान दिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"कोसिमा, इथे काहीच आवाज नाहीये."

ती असं म्हणाली आणि गाणं तुटलं. मध्येच. शब्दाच्या मध्येच.

पुढचं सगळं मी यंत्रासारखं केलं. पंख्याचं बटण दाबलं. मदतीसाठी फोन केला. सिन्योराला म्हटलं, काठी आणा, मेणबत्ती आणा. बिचारी पळाली. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि मागे घेतला. पुन्हा ठेवला, पुन्हा घेतला. ती चार मिनिटं मी कशी काढली ते मला माहीत. पहिली मेणबत्ती दहाव्या पायरीला विझली. दुसरी तेराव्या पायरीला. तिसरी तगली.

ओरोंझो वळणापलीकडे चार पायऱ्या खाली पडला होता. उताणा. ओठ निळे. त्याची स्वतःची मेणबत्ती शेजारी विझून पडली होती. त्या शाळाबाईने त्याचे पाय उचलले आणि मी काखेत हात घातले. साठीची बाई, पण एकदाही थांबली नाही. तिचा मी जन्मभर आदर करीन.

वर आणलं तेव्हा पापा दारात आले होते. ते मुलाकडे पाहत नव्हते. चौकट धरून, मान तिरकी करून घाण्याकडे कान लावून उभे होते.

"पापा, बाजूला व्हा! पापा!"

मला त्यांना ढकलावं लागलं.

ओरोंझो वाचला. दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलं, "किती वेळ खाली होते?"

"पाच मिनिटं असतील," मी म्हणाले.

"पाचच असणार. त्याहून जास्त असते तर आपण हे बोलत नसतो."

दुसऱ्या दिवशी ओरोंझो बोलायला लागला. म्हणाला, "दुसऱ्या कडव्यापर्यंत आठवतं. डोकं गरगरलं. वर यायला निघालो. तुला हाक मारायची होती, पण आवाजच फुटेना."

"मग पुढे गायलास कसा?"

"मी? मी नाही गायलो. तू कसं ओळखलंस मग?"

मी म्हटलं, "गाणं थांबलं म्हणून."

माझ्या तोंडून पापांचंच वाक्य बाहेर पडलं.

त्या संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात पापा माझ्याशेजारी बसले. बराच वेळ टोपी हातात फिरवत होते.

"कोसिमा. खरं सांग पोरी. गाणं थांबलं होतं?"

मी मान हलवली. नाही.

"चांगलं गात होता?"

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. कारण हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"पांतालेओचंही थांबलं नव्हतं," पापा म्हणाले. "मी पन्नास वर्षं खोटं सांगतोय. आईला सांगितलं, पाद्रीबुवांना सांगितलं, त्याच्या बायकोला सांगितलं. थांबलं, थांबलं, थांबलं. अगं, तो गातच होता. मी दारात उभा होतो. उन्हं उतरली तरी उभाच. शेवटी आईने येऊन माझ्या थोबाडीत मारली तेव्हा थांबलं. खाली तो... केव्हाचा थंड झाला होता."

ते रडत होते. त्यांना मी पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

"तो श्वास घेत नाहीये, हे तुला किती वेळाने कळलं?"

"कळलं आणि लगेच धावले, पापा. लगेच."

त्यांनी माझ्याकडे कितीतरी वेळ पाहिलं. मग माझ्या हातावर थोपटलं.

"बरं झालं. तू माझ्यासारखी नाहीस." आणि मग म्हणाले, "ओरोंझोला यातलं सांगू नकोस. त्याच्या काकाचं तर मुळीच नको."

मी शब्द दिला.

गेल्या वर्षी आम्ही द्राक्षं सरळ सोसायटीला घातली. घाण्याला कुलूप होतं. ओरोंझो धुसफुसायचा, पण दम लागायचा म्हणून गप्प बसायचा. या फेब्रुवारीत पापा गेले. झोपेतच गेले, शांतपणे.

आणि आता ओरोंझो ठणठणीत झालाय. त्याने नवा पंखा आणलाय, आवाज न करणारा. वायू मोजायचं यंत्रही आणलंय. हौद घासून ठेवलेत, कालच द्राक्षं भरलीत. आज सकाळी ती आंबायला लागली. उद्या थर दाबायचा आहे.

"यंत्र आहे ना आता," मी म्हटलं. "मग दारात माणूस कशाला?"

"यंत्र बंद पडू शकतं. दारात तूच राहायचंस. तुझ्यामुळे वाचलो मी. पापा काकासाठी उभे राहिले, तशी तू माझ्यासाठी. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही."

तो हसत होता. मला तिथून उठून जावं लागलं.

सासूबाईंची एक बहीण आहे, तिला मी गाण्याचं थोडंसं सांगितलं होतं. ती म्हणते, पांतालेओ चांगला माणूस होता, त्यानेच गाऊन पोराला जिवंत ठेवलं. नाहीतर एवढा वेळ त्या हवेत कोण जगतं? तिचं बरोबर असेल. मला नाही माहीत. मला वाटतं ते गाणं खाली पडलेल्यासाठी नव्हतंच. ते दारात उभ्या असलेल्यासाठी होतं.

पापांना दिलेला शब्द मी मोडते आहे. हे लिहिलेलं मी आज रात्री आधी ओरोंझोच्या हातात देणार आहे, मग तुम्हाला. त्याच्या मनातले पापा आज मोडतील. मोडू देत. पण एक गोष्ट उरली आहे, तीही यातच लिहिते, कारण तोंडाने सांगायची माझ्यात हिंमत नाही.

पापांना मी म्हणाले होते, लगेच धावले.

ते खोटं होतं.

तो श्वास घेत नाहीये, हे मला तीनचे ठोके पडले तेव्हाच कळलं होतं. सिन्योरा पेसेंती आली तेव्हा साडेतीनचा ठोका पडून गेला होता.

मधला अर्धा तास मला सगळं कळत होतं. माझा नवरा खाली पडलाय हे कळत होतं. तो मरत असेल, हेही कळत होतं. पंख्याचं बटण हाताच्या अंतरावर होतं.

मी ऐकत उभी होते.

ओरोंझो, उद्या मला दारात उभं करू नकोस. यंत्रावर विश्वास ठेव, शेजाऱ्यापाजाऱ्यावर ठेव, माझ्यावर ठेवू नकोस.

कारण मला ते पुन्हा ऐकायचं आहे.